ठकूबाईचा सांगावा

ठकूबाईच्या कार्यक्रमाला साठ माणसं यायची होती, आणि साठ माणसांना ज्वारीची भाकरी घालायची हे एकदा ठरल्यावर बाकी सगळं त्या भाकरीभोवती फिरायला लागलं. कारण घरात भाकरी येणारी माणसं दोनच. एक आप्पा, वय वर्षं पंच्याऐंशी. दुसरी सुलास्त्री, जन्म जावा बेटावरचा, जिनं दोन वर्षांपूर्वी या घरात कामाला येईपर्यंत ज्वारी डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती. आप्पांनीच तिला शिकवलं. सुनेलाही शिकवायचा त्यांनी एके काळी प्रयत्न केला होता, पण हर्षाची भाकरी परातीपासून तव्यापर्यंतचा प्रवास एका तुकड्यात कधी करतच नसे. हर्षा एका संशोधन संस्थेत प्रथिनांवर काम करायची. प्रथिनं तिचं ऐकायची, ज्वारी नाही.

भाकरीच हवी हा हट्ट नणंदेचा. सुरेखाताई राहायची सिंगापुरातच, पुंगोलला, म्हणजे यांच्या सेंगकांगच्या घरापासून एक स्टेशन, आणि ते एक स्टेशन फारच कमी पडतं असं हर्षाचं गेली सहा वर्षं मत होतं.

"आमची आजी भाकरीवर जगली," सुरेखाताईनं बजावलं होतं. "तिच्या पंचविसाव्या स्मृतिदिनाला लोकांना काय पुलाव घालणार?"

'आमची'वर तिचा असा जोर असायचा की हर्षाला दर वेळी नव्यानं कळायचं, आपण बाहेरून आलोय.

बरं, आजी होतीच तशी. निजामाच्या मुलखात, सीना नदीच्या काठी, ठकूबाई देशमुखाच्या दारात वेठीला जन्मली. आई वेठीला, आजी वेठीला, त्यामुळे हिलाही कोणी वेगळं विचारलं नाही. ना मोबदला, ना रजा, ना गाव सोडायची मुभा. एक दिवस पोराला पाठीशी बांधून ती सीनापार इंग्रजी मुलखात पळाली आणि सोलापूरच्या गिरणीत लागली. एवढ्यावर थांबली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण ही बाई परत गेली. एकदा नाही, सहा वर्षांत बारा वेळा गेली आणि एकेचाळीस माणसं वेठीतून बाहेर काढली. पाठीशी बांधलेलं ते पोर म्हणजे आपले आप्पा, रावसाहेब.

आता बाहेर काढली कशी, हे मात्र आप्पा कधी सांगत नसत. विचारलं की म्हणायचे, "आणली बाबा कशीतरी." मग ती मोकळी जागा ज्यानं त्यानं आपापल्या कुवतीनं भरली. सुरेखाताईच्या कथेत काळोखी रात्र होती, सीनेला पूर होता आणि आजी दातांत गाठोडं धरून पोहत होती. उज्ज्वल, म्हणजे हर्षाचा नवरा, जुरोंग आयलंडवर रिफायनरीत इंजिनिअर. त्यानं लॅपटॉपवर स्लाइड केल्या होत्या आणि चौथ्या स्लाइडवर देशमुखाची शिकारी कुत्री सोडली होती. आणि त्यांच्या लेकीनं, अकरा वर्षांच्या मैत्रेयीनं, कार्यक्रमातल्या तिच्या एकपात्री प्रयोगात मगर घातली.

"सीनेत मगर नसते गं," हर्षा म्हणाली होती.

"ममा, क्रोकोडाइल नसेल तर लोक झोपतील, लाह." सिंगापुरात वाढलेल्या मैत्रेयीच्या वाक्याला हे शेपूट असायचंच.

तर सगळं जमत आलं होतं. एकच खडा होता, तोही हर्षानं ऑक्टोबरातच वेचून टाकला होता. सुलास्त्रीच्या मुलीचं लग्न नेमकं कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी निघालं. सुलास्त्रीनं विचारलं तेव्हा हर्षा अजिबात रागावली नाही. ती रागावणाऱ्यांतली नव्हतीच. तिनं सुलास्त्रीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की तुझी रजा मार्चमध्ये आहे, मार्चमध्ये एकाऐवजी दोन आठवडे जा, आणि लग्न थोडं पुढे ढकलता येतं का ते विचारून बघ ना. सुलास्त्री म्हणाली, "ओके, मॅम." पुढे दिवाळीच्या सुट्टीत तिनं पुन्हा एकदा विषय काढला, तेव्हा हर्षानं तिला एक छान घड्याळ आणून दिलं, मुलीला पाठवायला. आपण किती समजून घेतो, असं त्या दिवशी हर्षाला मनापासून वाटलं होतं.

रविवारी सकाळी साडेसातला सुरेखाताई हजर झाली. हातात गुंडाळलेला बॅनर. तो सोफ्यावर उलगडला तर त्यावर 'मुक्तिदात्री ठकूबाई' अशी अक्षरं आणि खाली आयोजकांत पहिलं नाव सुरेखा.

"माझं नाव दुसऱ्या ओळीत गेलं?" हर्षानं हसत विचारलं. हसू तसं कडकच होतं.

"अगं, जागाच नव्हती. उज्ज्वल, तू सांग ना हिला."

उज्ज्वल प्रोजेक्टरची वायर शोधत होता. बहीण आणि बायको एका खोलीत असल्या की त्याला नेहमी कसली ना कसली वायर शोधायची असायची. "तुम्ही दोघी ठरवा," तो टेबलाखालून म्हणाला.

तेवढ्यात आप्पा स्वयंपाकघरातून आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, चेहरा गंभीर. मागे सुलास्त्री, मान खाली, ओढणी तोंडावर.

"हर्षा, जरा वाईट बातमी आहे," आप्पा म्हणाले. "सुलास्त्रीचे वडील गेले."

"अरे देवा! कधी?"

"पहाटे. गावाकडून फोन आला. म्हातारं माणूस, झोपेतच गेलं." आप्पांनी सुलास्त्रीच्या दंडावर हात ठेवला, तशी ती एकदम "आई गं!" म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

हर्षाचे स्वतःचे वडील गेले तेव्हा ती इथेच होती, आणि विमान मिळून नागपूरला पोचेस्तोवर सगळं उरकलं होतं. तिनं पुढे होऊन सुलास्त्रीला जवळ घेतलं. "रडू नको. तू जा. आजच जा. भाकरीचं आम्ही बघतो."

"आजच?" सुरेखाताईनं हर्षाला कोपराला धरून बेडरूममध्ये ओढलं आणि दार लोटलं. "अगं, साठ माणसं यायचीत! आणि पासपोर्ट देणार तू तिच्या हातात? गेली आणि आलीच नाही तर?"

"ताई, तिचे वडील गेलेत."

"ते खरं गं, पण माझ्याकडचीचा पासपोर्ट मी कुलपात ठेवते. तू?"

"मीपण," हर्षा म्हणाली. "म्हणजे सांभाळून ठेवलाय. हरवायला नको म्हणून."

पासपोर्ट मालकिणीनं ठेवायचा नसतो हे दोघींनाही ठाऊक होतं. सुलास्त्रीला कामाला आणलं त्या दिवशी एजन्सीतल्या बाईनं नियम म्हणून तोंडानं सांगितलं होतं आणि हातानं पासपोर्ट हर्षाच्या पर्समध्ये सरकवला होता. मग तो कपाटात गेला, आणि कपाटाला किल्ली होतीच.

सुरेखाताई पलंगावर बसली. मग म्हणाली, "मयत आहे म्हणजे नाही म्हणताच येत नाही. दे बाई. आपण काय देशमुख आहोत का?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं. हर्षाला इतकं बरं वाटलं की बॅनरवरची दुसरी ओळ तिनं जागच्या जागी माफ करून टाकली.

"उज्ज्वल, तिकीट बघ ताबडतोब," बाहेर येत ती म्हणाली.

"काढलंय," आप्पा म्हणाले. "मैत्रेयीनं काढलं. माझ्या कार्डावर. दुपारी एक वाजून पाच मिनिटांचं विमान, सुरबायाचं."

"किती शहाणं गं माझं बाळ!" हर्षानं मैत्रेयीचा पापा घेतला. मैत्रेयीनं चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिली.

पंधराव्या मिनिटाला सुलास्त्री दारात तयार होती. बॅग भरलेली, वर तिकिटाची प्रत. अंगात लिंबाच्या रंगाचा जरीचा झगा, पायांत नव्या सँडल, ओठांना लिपस्टिक. हर्षाला ते दिसलं, नाही असं नाही. पण दुःखात माणसाला काय घालावं याची शुद्ध कुठे असते, असं तिनं स्वतःशीच म्हटलं आणि डोळे पुसत पासपोर्ट तिच्या हातात दिला. सुलास्त्रीनं तो दोन्ही हातांनी घेतला. उघडून आपला फोटो बघितला. मग आप्पांच्या पाया पडली.

"नीट जा गं," आप्पा म्हणाले.

"जाते, आप्पा. गोळी खावा टायमाला," ती म्हणाली. तिचं मराठी आप्पांचंच होतं, थेट सीनाकाठचं; घरातल्या बाकीच्यांशी ती इंग्रजीच बोलायची, त्यामुळे ते ऐकलं की हर्षाला दर वेळी चमकायला व्हायचं.

ती गेली आणि घरावर भाकरी कोसळली. आप्पा परातीपाशी बसले, पण पंच्याऐंशी वर्षांचा माणूस थापून थापून किती थापणार? वीस झाल्या आणि त्यांचा खांदा धरला. मग सुरेखाताई बसली. आजीच्या या नातीला भाकरी येतच नव्हती हे त्या दिवशी उघड झालं. तिनं थापलेली पहिली भाकरी परातीला जी चिकटली ती उज्ज्वलला उलथन्यानं खरवडून काढावी लागली.

"तुमच्या आजीची कला तुमच्यात नाही का उतरली?" हर्षानं विचारलं. विचारायला नको होतं, पण सहा वर्षं ती या संधीची वाट बघत होती.

"पीठच जुनं आहे तुझं," सुरेखाताई म्हणाली. एकमत तासाभरात संपलं.

शेवटी वीस भाकऱ्या, बाकीचे तुकडे, आणि उज्ज्वलनं खालच्या दुकानातून आणलेले ब्रेडचे सहा पुडे घेऊन मंडळी अकराच्या ठोक्याला ब्लॉकखाली उतरली. व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या पायाशी मोकळ्या सोडलेल्या त्या फरशीवर, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दोन मोठे पंखे गरम हवा इकडून तिकडे करत होते. टेबलावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि मध्ये ठकूबाईचा: कपाळ मोठं, नजर सरळ, ओठ घट्ट मिटलेले. फोटो काढणाऱ्यावर तिचा विश्वास नसावा.

वंदना झाली. पंचशील म्हणताना आप्पांचा आवाज तिसऱ्या शीलापर्यंत खणखणीत होता. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं तसा त्यांना जोराचा खोकला लागला आणि पाचव्याला तो थांबलासुद्धा. हर्षानं उज्ज्वलला खुणावलं, पाणी दे.

मग मैत्रेयीची मगर आली आणि गेली. मगरीला टाळ्या पडल्या. उज्ज्वलची कुत्री पडद्यावर उलटी दिसली, पण दिसली. सुरेखाताईनं पुराचं वर्णन असं केलं की पुढच्या रांगेतल्या काकू पदर सावरून बसल्या. आणि मग आप्पा उठले. कोणी माइक धरू लागलं तर नको म्हणाले.

"माझी लेक बोलली ते छान बोलली," ते म्हणाले. "पण माझ्या आईला पोहता येत नव्हतं."

लोक हसले. सुरेखाताईही हसली, मग थांबली.

"रात्रही नव्हती. भर दुपारी, बारा-एकच्या उन्हात आई माणसं काढायची. आजवर मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण यात शौर्य दिसत नाही. आज सांगतो. आमच्या वस्तीकडं गावानं जी कामं लावली होती, त्यात एक होतं मयताचा सांगावा नेण्याचं. गावात कुणी मेलं की दुसऱ्या गावच्या सोयऱ्यांना जाऊन सांगायचं. पायी. सणावाराला सोडत नव्हते, पोरगं आजारी पडलं तरी सोडत नव्हते, बहिणीच्या लग्नाला तर नाहीच नाही. आईच्या सख्ख्या बहिणीचं लग्न झालं आणि आई देशमुखाच्या गोठ्यात शेण काढत होती. पण सांगावा घेऊन निघालेल्या माणसाला कुणी अडवत नव्हतं. अपशकून! वाटेत चौकीवाला भेटला तरी चार पावलं मागं सरायचा. माझी आई शाळेत गेली नव्हती, पण एवढं तिच्या ध्यानात आलं. आनंदासाठी कुणी सोडत नाही. मयतीला मात्र सोडतात."

पंखे घरघरत होते. हर्षाच्या हातात वाढायच्या पानांचा गठ्ठा होता, तो तिनं का कोण जाणे खाली ठेवला.

"मग आईनं माणसं मारायला घेतली," आप्पा म्हणाले. "एकेक सोयरा. देशमुखाची परांड्याची आत्या आईनं दोनदा मारली. करमाळ्याकडचे मामा, त्यांचे दोन जावई. सांगावा घेऊन एकटं जायचं नाही, सोबतीला माणूस लागतो, रडायला बाया लागतात, असं चौकीवर सांगून दर खेपेला तीन-चार माणसं सीनापार पोचवायची. देशमुखाच्या दारात ती स्वतः जात नव्हती; माणसं वेशीबाहेर येऊन मिळायची. पुढं पुढं तर पकडली जाऊ नये म्हणून दुसरी गावं धरली. आणि मी सोबत. माझं काम रडायचं. चौकीपाशी आलो की आई दंडाला असा चिमटा काढायची की मी खरोखरच बोंब मारायचो. एकेचाळीस माणसं सुटली, त्यात माझ्या दंडाचा मोठा वाटा आहे."

साठ माणसं खो खो हसत होती. हर्षाच्या डोक्यात मात्र एकेक दिवा लागत होता. दंडावरचा हात. तो "आई गं!" लिंबाच्या रंगाचा झगा. पंधरा मिनिटांत भरलेली बॅग. आणि तिकीट, जे पहाटेच्या मयतीसाठी साडेसातला आधीच काढलेलं होतं!

तिनं मान वळवून मैत्रेयीकडे पाहिलं. मैत्रेयी पुन्हा चष्मा पुसत होती. तिनं उज्ज्वलकडे पाहिलं. उज्ज्वल खाली वाकला आणि वायर शोधायला लागला.

आप्पा टाळ्यांतून बाहेर आले तशी हर्षानं त्यांना खांबामागे गाठलं.

"आप्पा, तिचे वडील गेलेत?"

"गेलेत की."

"कधी?"

आप्पांनी रुमालानं मान पुसली. "दहाएक वर्षं झाली असतील."

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात! माझ्याशी! मी रडले, आप्पा. मी तिला जवळ घेतलं. मला माझ्या बाबांची आठवण झाली." तिचा आवाज चढला आणि त्याच वेळी तिला खरोखर रडू यायला लागलं. "तुम्ही मला देशमुखाच्या रांगेत नेऊन बसवलंत. मी काय तिला मारते? उपाशी ठेवते? मला सरळ विचारलं असतंत, की हर्षा, तिला लग्नाला जाऊ दे, तर मी नाही म्हटलं असतं का?"

"तिनं विचारलं होतं, पोरी," आप्पा म्हणाले. आवाजात जराही धार नव्हती, तेच वाईट होतं. "तीनदा. तिसऱ्यांदा तू फोनवर होतीस. हातानं खूण केलीस, नंतर. ती अर्धा तास दारात उभी होती. नंतर भांडी घासायला गेली."

हर्षाला तो फोन आठवत नव्हता. असे कितीतरी फोन, अशा कितीतरी खुणा. तिनं सहा महिने खपून ज्या बाईच्या सुटकेचा कार्यक्रम उभा केला होता, ती बाई टेबलावरच्या फोटोतून बघत होती, आणि तिथं बघायची हर्षाची हिंमत होत नव्हती. लाज वाटली. सरळ, साधी, पोटातून आलेली लाज.

"मग मला आधी समजवायचं," ती कसंबसं म्हणाली.

"समजवण्यात लग्न होऊन गेलं असतं. आईनं देशमुखाला समजवत बसायचं ठरवलं असतं तर मी अजून तिथंच असतो."

सुरेखाताई हातात वाढायचा चमचा घेऊन आली. "काय झालं? आप्पा, तुम्ही आजीचा पूर का घालवलात? लोक मला विचारतायत."

तेवढ्यात हर्षाचा फोन वाजला. सुलास्त्री. हर्षा दोन पावलं बाजूला झाली.

"हॅलो?"

पलीकडून विमानतळाचा गलका. कुणाची तरी घोषणा, चाकांच्या बॅगांचा आवाज. मग सुलास्त्री बोलली, आणि पहिल्यांदाच ती हर्षाशी मराठीत बोलली.

"म्याडम, म्या सुलास्त्री. म्याडम, कुनी मेलं न्हाई. माझा बाप मरून लई वर्सं झाली. आप्पा म्हनले असं म्हन, म्हनून म्हनले. तुमी मला पोटाशी धरलं, तवापासून जीव ऱ्हाईना." नाक ओढल्याचा आवाज आला. "आता हितं इमिग्रेशनच्या दारात हुबी हाय. पासपोर्ट हातात हाय अन् पाय उचलंना. तुमी म्हनलात तर म्या माघारी येते. टॅक्सीनं येते. जेवनाच्या आत यीन."

हर्षानं डोळे मिटले. येईल ती. खरंच येईल, लिंबाच्या रंगाच्या झग्यात परातीपाशी बसेल, आणि साठ माणसांना भाकरी मिळेल. फक्त "ये" म्हणायचं होतं. "ये"सुद्धा नाही, नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरलं असतं.

"सुलास्त्री," ती म्हणाली, "मुलीचं नाव काय तुझ्या?"

"फित्री."

दोन वर्षं. फित्री. केवढंसं नाव.

"फित्रीचं लग्न किती वाजता आहे?"

"उद्या सकाळी आठला. सुरबायापासनं पुढं बस हाय, चार-पाच तासांची."

"विमानाचं दार कधी बंद होतं?"

"पावनेएकला."

हर्षानं घड्याळ पाहिलं. बारा पंचवीस. ती ओरडली, अशी ओरडली की खांबावरचं कबूतर उडालं:

"मग उभी काय राहिलीस? पळ! पासपोर्ट दाखव आणि पळ! मागे बघू नको, फोन ठेव आणि पळ, सुलास्त्री, पळ!"

साठ माणसांच्या माना वळल्या. आमटीपाशी ब्रेड कापत बसलेल्या एका काकांच्या हातातला तुकडा आमटीत पडला. फोन कधीच बंद झाला होता, तरी हर्षा तो कानाला धरून विमानाच्या दारापर्यंत कुणाला तरी पोचवत असल्यासारखी उभी होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती.

"कोण पळालं?" सुरेखाताईनं घाबरून विचारलं. "अगं, कोण पळालं?"

"सुलास्त्री," हर्षा म्हणाली. "लेकीच्या लग्नाला चाललीय. आणि पळ म्हणून मीच सांगितलं."